उघडं कुलूप

कुलूप तुटलेलं नव्हतं. दाराच्या कडीत नुसतं उघडं लटकत होतं. तेच रविकिरणला खात होतं.

"म्या लावलं व्हतं, अप्पा," तो म्हणाला. "लावून ओढून बी बघितलं. डोळ्यापुढं दिसतंय मला. आन् तरी ते उघडं. चावी एकच, ती माझ्या खिशात."

शेजारचे बसवंतअप्पा ओट्याच्या कडेला बसले होते. चहाचा कप त्यांनी नुसताच धरून ठेवला होता. दारात शांतम्मा, रविकिरणची आई, पाय पसरून बसली होती. गुडघ्याला पट्टी होती. काल ती लातूरच्या गाडीत सापडली. शिरूर अनंतपाळला माहेरी जायचंय, म्हणत होती. तिथं आता तिचं कुणी नव्हतं. कंडक्टर भला होता म्हणून ती परत आली. दोन वर्षांपासून तिचं असंच होतं. म्हणून तर नवरा-बायको कामावर निघताना बाहेरून कुलूप लावायचे.

"ह्यानं उघडलं," शांतम्मा अप्पांकडं बोट करून म्हणाली. "तारेनं."

रविकिरणची बायको अंजू केरसुणी घेऊन उभी होती. एवढ्या ताणातही तिला हसू आलं. "अप्पांनी व्हय? आत्याबाई, अप्पा पुस्तक उघडत्यात. कुलूप न्हाई."

अप्पाही हसले. हसल्यावर त्यांना स्वतःचीच किळस आली.

त्यांची सगळी नोकरी नायगावच्या वाचनालयात झाली. नांदेडला येऊन राहिल्यावर वेळ जाईना. एकदा मोबाइलवर कुलूप उघडणारा एक माणूस दिसला आणि त्यांना नाद लागला. त्यांनी सरावाचं पारदर्शक कुलूप मागवलं, बारीक तारा मागवल्या. तारा ते चष्म्याच्या डबीत ठेवायचे. शिकवणारा माणूस दर वेळी बजावायचा, दुसऱ्याच्या दाराला हात लावायचा नाही. अप्पांनी ते मान डोलावून ऐकलं होतं.

शांतम्मा रोज खिडकीच्या गजातून हाक मारायची. "उघड की रं, लेकरा." अप्पा रोज पुस्तकात मान घालायचे. काल मात्र ते उठले. दया आली म्हणून उठले असते, तर एव्हाना बोलून मोकळे झाले असते. घरात उघडायला एकही कुलूप शिल्लक राहिलं नव्हतं, म्हणून ते उठले. कुलूप हातात सुटलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला, की त्याचा फोटो काढायला ते मोबाइल आणायला घरात गेले. परत आले तर दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं.

"आईचं बी असंच सुरू झालं व्हतं," रविकिरण म्हणाला. "गॅस बंद केला म्हणायची. शपथ घ्यायची. आन् गॅस चालूच. तवा म्या तिला लई बोललो, अप्पा. खोटं बोलतीस म्हणलो."

"अहो, एखाद्या वक्ती होतं माणसाचं," अंजू म्हणाली.

"इसरलो असतो तर निराळं. मला लावल्याचं ध्यानात हाय. तेच तर भ्या वाटतंय." त्यानं खिशातून शाळेच्या व्हॅनची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "मालकाला नेऊन दे. माझ्यानं सांगवणार न्हाई. लेकरं असत्यात गाडीत. एखादं रस्त्यात इसरलो तर?"

अंजूची मूठ मिटेना. तिनं केरसुणी भिंतीला टेकवली आणि अप्पांकडं पाहिलं. "तुम्ही तरी सांगा की ह्यांना, अप्पा. तुमचं ऐकत्यात."

अप्पांनी कप खाली ठेवला. आयुष्यभर ते ऐन वेळी मुके झाले होते. मग ते उठले. कडीतलं कुलूप काढलं आणि दाबलं. खट्‌कन लागलं. त्यांनी ते रविकिरणसमोर धरलं.

"ओढून बघ."

रविकिरणनं काही न समजता ओढलं. कुलूप पक्कं होतं.

"चावी खिशातच राहू दे," अप्पा म्हणाले.

ते पायरीवर बसले. चष्म्याची डबी उघडली. पहिल्यांदा तार निसटून खाली पडली. ती उचलून त्यांनी पुन्हा घातली. आत काहीच लागेना. काल जे न यावं ते आलं होतं. आज यायला हवं तर येत नव्हतं. अंजू काही विचारायला पुढं झाली आणि तिथंच थांबली. अप्पांनी डोळे मिटले आणि बोटांना वाटेल तसं करू दिलं.

कुलूप सुटलं.

"म्हणलं न्हाई?" शांतम्मा म्हणाली. "कुणी ऐकंचना."

अंजूच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच गेलं होतं. अप्पांनी मान वर केली नाही. उघडं कुलूप त्यांच्या तळहातावर होतं. आता शिवी येईल, हात उठेल, कॉलनीत बोभाटा होईल. यायलाच हवं होतं. ते वाट पाहत राहिले.

रविकिरण त्यांच्याकडं बघतच नव्हता. तो कुलपाकडं बघत होता. त्याचे ओठ हलत होते. मग तो मटकन खाली, आईशेजारी बसला.

"म्हणजे, म्या लावलं व्हतं," तो म्हणाला आणि रडू लागला.