आधी नववा, मग चौथा

नऊ

पहिला सिनेमा आधी लावायचा नाही, एवढं अश्विनचं पक्कं होतं. पहिला फार रेंगाळतो. बारा वर्षांची पोर कंटाळली, तर पुढच्या रविवारी अल्लीपूरहून येणार नाही.

बैठकीत तसंच ठरलं होतं. बायको, छाया, लेकीला काजलला घेऊन अल्लीपूरला माहेरी गेली, त्याला सात महिने झाले होते. दोन्हीकडची वडीलधारी बसली आणि म्हणाली, पोरगी येतो म्हणेल तोवर दर रविवारी येईल. नाही म्हणाली की जबरदस्ती नाही.

काजल म्हणाली होती, "बाबा, लोहपंखचे सगळे सिनेमे दाखवसान तं येतो."

लोखंडी पंखांचा तो वीर. त्याचे सिनेमे एकवीस.

बोरगाव मेघेतल्या भाड्याच्या खोलीत अश्विननं जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर तीन याद्या लिहिल्या. सिनेमे जसे आले तशी एक. गोष्टीतल्या काळाप्रमाणे दुसरी. तिसरी त्याची स्वतःची. तिच्यात प्रत्येक सिनेमा अशा जागी संपत होता की पुढच्या रविवारी यावंच लागेल.

नवव्याच्या शेवटी वीर पुलावरून खाली पडतो. म्हणून नववा आधी.

चार

"भाऊजी, आज चौथा काऊन?" प्रफुलनं विचारलं. हा काजलचा मामा. तोच तिला मोटारसायकलवर आणायचा आणि दारात खुर्ची टाकून बसायचा. "तो पुलावरून पडला, त्याचं काय झालं?"

"ते समजाले आधी हा पाहा लागते."

चौथ्यात पूल नव्हताच.

"तुमी त्याले महिनाभर लटकवून ठेवता वाटते," प्रफुल म्हणाला.

काजल हसली. मग मुरमुऱ्याचा वाडगा मांडीवर घेत म्हणाली, "आई विचारत होती, नवव्यापासून सुरुवात काऊन केली?"

अश्विननं टीव्हीचा आवाज कमी केला. नोकरी गेली तेव्हा चार महिने तो रोज डबा घेऊन घरून निघायचा, बसस्थानकावर बसायचा आणि संध्याकाळी परतायचा. छायानं ते असेच एकेक साधे प्रश्न विचारून उघडं पाडलं होतं. भांडलीसुद्धा नाही. पेटी भरली.

"सांग, बाबाले तो जास्त आवडते म्हून," तो म्हणाला.

सोळा. अकरा. पाच.

दर रविवारी काजलबरोबर एक प्रश्न यायचा.

"आई म्हणे, सोळाव्यात पंख तुटले, तं अकराव्यात साबूत कसे?"

"आई म्हणे, म्हातारीचे डोळे गेलते ना? मंग तिले दिसते कसं?"

म्हणजे छाया पोरीकडून अख्खा सिनेमा वदवून घेते. यादी जुळवते. कुठल्याही दिवशी तिच्या ध्यानात येईल की या क्रमाला काही अर्थ नाही, पोरीला गुंतवून ठेवायला केलेला तो एक सापळा आहे.

अश्विन उत्तरं आदल्या दिवशीच पाठ करून ठेवू लागला. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात हातात स्क्रू घेऊन तो कॅलेंडर आठवत बसायचा. तेरावा विसाव्याच्या आधी की नंतर? मालक एकदा म्हणाला, "अश्विन, या फोनचं झाकण तू दुसऱ्याच फोनले लावून राह्यला."

सात

काजल आली नाही.

बारा वाजले, दोन वाजले. टीव्हीवर सातवा पहिल्याच दृश्यावर थांबलेला. मुरमुरे मऊ पडले. सहावा मागच्या रविवारी लावायला नको होता. त्यात नुसती बडबड आहे.

चार वाजता प्रफुलचा फोन आला. "तिले ताप हाये भाऊजी. ताईनं सांगाले लावलं."

"काय म्हणाली ताई?"

"म्हणे, सातवा पुढच्या रविवारी लावजा. मधात दुसरा घुसवू नका."

ताप खरा की खोटा, हे त्याला विचारता आलं नाही.

एक

शेवटी उरला पहिला. कॅलेंडरवर बाकी सगळ्यांवर रेघा होत्या.

तो रेंगाळतच चालला, आणि अश्विनला तो कधी नव्हे इतका आखूड वाटला. नावं सरकू लागली. काजलनं वाडगा धुऊन पालथा घातला आणि बूट चढवायला बसली.

"चांगला होता?"

"हो."

"मंग?"

"मंग काय, संपले ना बाबा."

पुढच्या रविवारी येशील का, हे त्याला विचारायचं होतं. तेवढ्यात प्रफुलनं दारातून फोन पुढे केला. "ताई हाये. बोला."

वर्षभरात पहिल्यांदा. अश्विननं फोन कानाला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"झाले सगळे?" छायानं विचारलं.

"झाले."

"हा असा क्रम कुठं लिहून हाये का? मले तं कुठं सापडला नाई."

हो म्हणता आलं असतं. इंटरनेटवर आहे, एका जाणकारानं दिलाय, असं काहीही. उत्तर पाठ होतं.

"नाई," तो म्हणाला. "मीच बनवला. पोरगी येत राहावी म्हून."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"मंग पुढच्या रविवारपासून पहिल्यापासून सरळ लावा," छाया म्हणाली. "काजल घरी आली का दर वेळी तोच सिनेमा मीही पाहून राह्यली होती, पन तुमच्या क्रमानं एकवीस झाले तरी मले समजलंच नाई, त्यातला वाईट मानूस कोन हाये."