डाव्या सीटवरची गळती

खडूने काढलेल्या गोलाच्या आत भाग्यश्रीने तिसऱ्यांदा तारेचा ब्रश फिरवला. गंजाचा एक कणही पडला नाही.

"बाबा, इथला पत्रा चांगला आहे. मागच्या रविवारचं ठिगळही घट्ट बसलंय."

"मग पाणी कुठून येतं?" वैजनाथरावांनी चष्मा पुसला. "नीट घास."

ती घासत राहिली. वर बुचाचं झाड होतं. फूल देठावरून सुटायचं, हवेत सावकाश गिरक्या घेत खाली यायचं आणि फियाटच्या टपावर आवाज न करता टेकायचं. बुचाचा वास, सीलंटचा वास आणि कोवळं ऊन यांत बिबवेवाडीतलं ते अंगण सकाळभर तरंगत असल्यासारखं वाटे. घरी वाघोलीला गेल्यावरही मंगळवारपर्यंत तिच्या हातांना तो वास असायचा.

पलीकडच्या भिंतीवरून कांताबाई डोकावल्या. "वैजनाथराव, गाडी दुरुस्त करताय की मुठेत सोडायला होडी बांधताय?"

"तुमच्यासाठी एक सीट राखून ठेवू?"

"नको. मला पोहता येत नाही." कांताबाई आत गेल्या.

वैजनाथरावांची चौतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात पत्रा कापण्यात गेली होती. त्यांचं माप चुकत नसे, आणि चुकलं असं दुसऱ्याने म्हटलेलं त्यांना खपत नसे. भाग्यश्रीची आई गाडीत डावीकडच्या सीटवर बसायची. दर पावसाळ्यात म्हणायची, "अहो, गळतंय."

"काही गळत नाही. भास होतो तुला."

मग ती पर्समधून पिवळा नॅपकिन काढायची, डाव्या खांद्यावर पसरायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. भांडण कधी झालं नाही. नॅपकिन मात्र कायम पर्समध्ये असायचा.

श्रावणात आई गेली. वैजनाथराव सगळे विधी होईपर्यंत ताठ उभे होते. मन घट्ट आहे हो, असं नातेवाईक जाताना म्हणाले. तेराव्यानंतर एका दुपारी त्यांनी गाडीतलं डावीकडचं मॅटिंग उचललं, खालच्या पत्र्यावर तळवा टेकला आणि त्यांचा हात मनगटापर्यंत आरपार गेला.

"खरंच गळत होतं गं," ते भाग्यश्रीला म्हणाले. एवढंच.

त्याच आठवड्यात त्यांनी दूध तापत ठेवलं आणि ते अंगणात येऊन बसले. पातेलं जळून काळं झालं. धूर कांताबाईंना दिसला म्हणून बरं. भाग्यश्रीने त्यांचे कपडे बॅगेत भरले, तेव्हा त्यांनी ते एकेक करून परत कपाटात ठेवले.

"गाडी गळायची थांबली की येतो वाघोलीला. शब्द देतो."

वैजनाथराव शब्द मोडत नसत. म्हणून भाग्यश्री दर रविवारी सकाळी यायची. दोघांनी मिळून गंजलेला पत्रा कापून काढला, नवा ठोकून बसवला, रिव्हेट मारले, सांधे सीलंटने भरले, वरून गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात दिला. पुढच्या काचेचं रबरही बदललं. मग पाण्याची परीक्षा सुरू झाली. एकाने बाहेरून नळीने पाणी मारायचं, दुसऱ्याने आत बसून थेंब कुठे येतो ते बघायचं आणि तिथे खडूने खूण करायची. आत नेहमी वैजनाथरावच बसायचे. सलग चार रविवार ते बऱ्याच वेळाने बाहेर आले होते, ओला नॅपकिन घेऊन.

आज पाचवा.

"आज मी बसते ना आत," भाग्यश्री म्हणाली.

"तुला कळायचं नाही." त्यांनी खडू घेतला, दोरीवरचा पिवळा नॅपकिन घेतला. "आणि नळ पूर्ण सोड. मागच्या वेळी फारच बारीक धार होती."

ते डाव्या सीटवर बसले. दार लागलं. आत रंग देताना शिंतोडे उडू नयेत म्हणून काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं.

आज गळू नये, असं भाग्यश्री मनाशी म्हणाली. तिने नळ सोडला आणि नळीचं तोंड धरून गाडीपाशी आली. नळी एकदा फुरफुरली आणि मऊ पडली. मागे वळून पाहिलं तर नळावरचं टोक निसटलं होतं. पाणी भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या पत्र्यावर कोसळत होतं. तडतड तडतड, अगदी टपावर पडल्यासारखं.

ती नळाकडे निघाली. वाटेत डावी खिडकी होती. वर्तमानपत्राचा एक कोपरा सुटून वळला होता.

वैजनाथराव वर बघत नव्हते. खडू डॅशबोर्डवर पडला होता. दोन्ही हातांनी त्यांनी नॅपकिन चेहऱ्यावर दाबून धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

भाग्यश्री नळापर्यंत गेली नाही. टपावर बुचाची फुलं पडली होती तशीच होती, धुळीत, कोरडी. पाणी पत्र्यावर वाजत राहिलं.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. "अजून गळतंय गं."

"कुठे, बाबा?"

"डावीकडेच."

"राहू दे. पुढच्या रविवारी परत बघू."

दाराचं हँडल खडखडलं. ते उघडायच्या आत भाग्यश्रीने स्पंज भिजवायला भरून ठेवलेली बादली उचलली आणि सगळं पाणी गाडीच्या टपावर ओतलं.