ठणठणीत डास

भावाच्या लष्करी छावणीतून डासांचा डबा आला की ताई प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू द्यायची नाही. "मेल्यांनी माझ्या भावाचं रक्त प्यायलंय, यांची झडती मीच घेणार," म्हणत एकेकाला चिमट्यात धरून तपासायची. या खेपेला एकाही डासात तापाचा जंतू सापडला नाही, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. तिने तडक फोन लावला. "अरे, तुमच्याकडचे डास तुझ्यापेक्षा ठणठणीत निघाले! खुशाल झोप आता."

पलीकडून भावाने आवाज खाली आणला.



"ताई, पुन्हा एकदा बघ ना गं, एखादा तरी आजारी निघेल. इथून ताप आलेलेच तेवढे घरी जातात; धडधाकट असतात त्यांना पुढे धाडतात, आणि पुढून अजून कुणी परत आलेलं नाही."