सुनिवाचं विमान

ट्रोम्सो शहरातल्या सुनिवा आणि टोरुन या मैत्रिणी शाळेपासून संगणकावर विमानं उडवत. दोघींनाही वैमानिक व्हायचं होतं. डोळ्यांच्या तपासणीत सुनिवा नापास झाली. टोरुन विमानशाळेत गेली आणि हळूहळू तिचे फोन टाळू लागली.

सुनिवाच्या दफनानंतर आठवड्यानं तिच्या आईनं टोरुनला सुनिवाच्या खोलीत नेलं. "हा संगणक रोज बंद करते गं मी. पुन्हा आपोआप चालू होतं."

पडद्यावर एक विमान टोरुनच्याच विमानशाळेच्या धावपट्टीच्या वर घिरट्या घालत होतं.

"आणि उतरतच नाही मेलं," आई म्हणाली.

टोरुन पडद्याजवळ वाकली. "उतर ना गं, सुनिवा. चुकलं माझं. फोन घ्यायला हवा होता मी."

पडद्यावर विमानाची चाकं सावकाश खाली आली.

मग टेबलापाशी असलेली रिकामी खुर्ची, कुणी बसायला द्यावी तशी, टोरुनसाठी मागे सरकली.