त्याच मॉडेलची गाडी

फिरत्या घराची हौस नवऱ्याची, पण चढावर गिअर पडेना तेव्हा पाचावर धारण बसली ती बायकोची. गॅरेजवाला गाडीखालून हात पुसत बाहेर आला.

"वहिनी, गिअरबॉक्स गेला. नवा मागवायचा तर निम्म्या गाडीचे पैसे पडतील, आणि येईल कधी ते देवालाच ठाऊक. तोवर राहा की इथेच. घर तर बरोबरच आणलंय तुम्ही!"

नवरा म्हणाला, "खोला गिअरबॉक्स."

दुपार कलल्यावर ती मागच्या नळावर पाणी भरायला गेली. तिथे हुबेहूब त्यांच्यासारखीच गाडी उभी होती. चाकांभोवती गुडघाभर गवत वाढलेलं. एक बाई दोरीवरचे कपडे भराभरा ओढून काढत होती.

"तुमचाही गिअरबॉक्सच का हो?"

"हो ना. आलो तेव्हा ही रांगत होती." दोरीच्या उड्या मारणाऱ्या मुलीकडे बाईने बोट दाखवलं. "पण सुटलो बाई एकदाचे! आज निघतोय."

"म्हणजे नवा आला?"

"नवा इथे कोण मागवतंय?"

मागे चाकं करकरली. गॅरेजवाला ढकलगाडीवर त्यांचा गिअरबॉक्स घेऊन इकडेच येत होता.

"अहो, पण आमचा तर बिघडलाय!"

"छे हो. क्लचची वायर तुटली असेल नुसती. आमचीही तेवढीच तुटली होती." बाईने मायेने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "जिवाला लावून घेऊ नका. या मॉडेलची गाडी कधी ना कधी येतेच."