रविवारची वीस मिनिटं

प्रज्ञेश डिसेंबरात अमेरिकेहून यायचा, तेव्हाच त्याची गाडी वारज्याच्या पार्किंगमधून हलायची. एरवी बॅटरी उतरू नये म्हणून त्याचे वडील तात्याराव दर रविवारी वीस मिनिटं इंजिन चालू ठेवायचे. त्यापलीकडे त्यांना गाडी चालवता येत नव्हती. तरी यंदा बॅटरी गेलीच.

“काका, ही न्या,” दुकानदार म्हणाला. “सहा महिने हात लावू नका. रविवारची कटकटच मिटली.”

“नको. दर आठवड्याला चालू करावी लागेल अशी साधीच द्या.”

“अहो, लोक उलटं मागतात.”

“मागू देत.”

रविवारी पत्नी हिराबाई ठेवणीतली साडी नेसून, चहाचा थर्मास घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. तात्यारावांनी किल्ली फिरवली.

“बोल, आज कुठं?”

“महाबळेश्वर. पण घाटात जरा सावकाश.”