पडद्यावर काय दिसतंय?

गेमिंग हॉलच्या मालकाने दोन नवी पिनबॉल मशिनं चाचणीसाठी आणवली होती. दोन्हींना झगमगीत रंगीत व्हिडिओ पडदे होते. ठेवायचं मात्र एकच होतं. निवडीसाठी त्याने आपल्या जुन्या मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकची नजर आता पार अधू झाली होती, म्हणून लेक सोबत आली.

पहिल्या मशीनवर ती त्याचे डोळे झाली. “बाबा, पडद्यावर राक्षस आलाय. आता आग ओकतोय. अगंबाई, सगळं आकाशच लाल झालं.” तिचं वर्णन ऐकता ऐकता त्याची गोळी तीनदा खाली गेली आणि डाव संपला.

दुसऱ्या मशीनवर ती गप्पच झाली. गोळी टणाटण आपटत होती आणि त्या आवाजाच्या अंदाजाने त्याची बोटं बटणांवर चालत होती. बराच वेळ डाव रंगला. लेक मात्र चकार शब्द बोलेना. पडदा अगदीच सुमार असणार, असं त्याच्या मनात आलं.

“काय गं, या पडद्यावर काही दिसत नव्हतं का?”

ती ओशाळली. “असेल की काहीतरी. मी गोळीच बघत होते, बाबा.”

तो मालकाच्या दिशेने वळला. “हे ठेवा.”